कावेरीकाठचा शेवटचा खर्च
महामारीतील अंत्यविधी, शासकीय सहाय्य आणि बँकेचे पासबुक

म्हैसूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर कावेरीच्या काठी कृष्णराजनगर वसलेले आहे. जुने गाव येडतोरे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कावेरीच्या पुराने ते खचले, तेव्हा नदीपासून थोड्या अंतरावर नवे गाव आखण्यात आले आणि त्यास म्हैसूरचे तत्कालीन महाराज कृष्णराज वडियार यांचे नाव देण्यात आले. तालुका भातशेतीचा. येथून पुढे कावेरी कृष्णराजसागराच्या जलाशयात शिरते. जिच्यावर शेती चालते तिच्याच पाण्यात अस्थी सोडावयाच्या, हा या परिसरातील पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होय.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हा रिवाजही पार पाडणे अनेक घरांना दुरापास्त झाले. २०२१ च्या जूनमध्ये, शेजारच्या मंड्या जिल्ह्यात मळवळ्ळी तालुक्यातील बेळकवाडी येथे, बंगळूरमध्ये करोनाने मरण पावलेल्या आणि ज्यांच्या अस्थी नेण्यास कोणीच आले नाही अशा पाचशेहून अधिक व्यक्तींच्या अस्थींचे विसर्जन शासनाच्या वतीने करण्यात आले. राज्याचे तत्कालीन महसूलमंत्री आर. अशोक यांनी ते विधी स्वतः केले. नातलग का आले नसतील, याची कारणे घरोघरची निराळी असणार. कोणी स्वतः आजारी, कोणी टाळेबंदीत अडकलेले, कोणी भयभीत. आणि काहींच्या हाती पैसाच नव्हता, हेही नाकारता येणार नाही.

अंत्यविधीचा खर्च हा विषय आपल्याकडे उघडपणे बोलला जात नाही. लग्नाचा खर्च माणूस दहा जणांना सांगतो; मरणाचा खर्च मनातच ठेवतो. तथापि तो खर्च असतोच, आणि तो ठरवून येत नाही. भाताच्या दोन बिघ्यांवर व रोजंदारीवर चालणारे कृष्णराजनगर तालुक्यातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. रुग्णास म्हैसूरला हलविण्याचे वाहनभाडे, औषधे, नंतर शववाहिका, लाकूड किंवा विद्युतदाहिनीचे शुल्क, तिरडीचे सामान, अस्थिकलश, पुरोहितांची दक्षिणा आणि बाराव्या-तेराव्याचे जेवण. यांतील पहिल्या चार-सहा बाबींचा पैसा त्याच दिवशी, रोख द्यावा लागतो. तो उसना घेतला जातो, दागिना गहाण पडतो, क्वचित सावकाराचे दार ठोठावले जाते.

कर्नाटकात या गरजेची जाण शासनाला महामारीच्या पूर्वीपासून होती. ‘अंत्यसंस्कार सहाय निधी’ या नावाची योजना २००६ च्या सुमारास सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबात मृत्यू झाल्यास प्रारंभी एक हजार रुपये, व पुढे वाढवून पाच हजार रुपये, असे तिचे स्वरूप होते. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे तहसीलदारांच्या कचेरीत वा नाडकचेरीत करावयाचा. रक्कम लहान होती. परंतु तिचा हेतू नेमका होता : ती अंत्यविधीसाठीच होती, अन्य कशासाठी नव्हे. याखेरीज, १९९५ साली केंद्राने सुरू केलेल्या राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत, दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वयाची कर्ती व्यक्ती गेल्यास एकरकमी २० हजार रुपयांची तरतूद होती.

महामारी आली तेव्हा निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळे मार्ग पत्करले. बंगळूर महानगरपालिकेच्या विद्युतदाहिन्यांतील शुल्क, तिरडीचा व अस्थिकलशाचा खर्च करोनाच्या मृतांसाठी २०२० च्या जुलैमध्ये माफ करण्यात आला आणि दाहिनीवर काम करणाऱ्यांना प्रत्येक अंत्यसंस्कारामागे ५०० रुपये प्रोत्साहन रक्कम देण्याचे जाहीर झाले. (या कर्मचाऱ्यांचे स्मरण त्या काळात फारच थोड्यांनी ठेवले.) आंध्र प्रदेश शासनाने करोनाने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या अंत्यविधीसाठी १५ हजार रुपये देण्याचे ठरविले. १४ जून २०२१ रोजी कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी घोषणा केली, की दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ती व्यक्ती करोनाने दगावल्यास त्या कुटुंबास एक लाख रुपये मिळतील. एका कुटुंबास हे सहाय्य एकदाच देय होते. २५ ते ३० हजार कुटुंबांना त्याचा लाभ होईल, असा शासनाचा त्या वेळचा अंदाज होता.

केंद्राच्या सहाय्याची कथा अधिक वळणांची आहे. १४ मार्च २०२० रोजी गृहमंत्रालयाने करोनास ‘अधिसूचित आपत्ती’ मानून मृतांच्या कुटुंबीयांना चार लाख रुपये देण्याचे पत्र काढले, आणि काही तासांतच सुधारित पत्र निघून त्यातून ती तरतूद वगळली गेली. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ नुसार किमान सहाय्याचे निकष ठरविणे राष्ट्रीय प्राधिकरणास बंधनकारक आहे. मात्र रक्कम किती असावी हे न्यायालय ठरविणार नाही. त्यानुसार सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाने प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपयांची शिफारस केली आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने ती मान्य केली. पैसा राज्यांच्या आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाचा होता. कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास राज्याचे एक लाख व हे ५० हजार मिळून दीड लाख, आणि अन्य कुटुंबांना ५० हजार, अशी व्यवस्था झाली. महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने ५० हजारांचे सानुग्रह सहाय्य लागू झाले. अर्ज ऑनलाइन, रक्कम थेट बँक खात्यात.

थोडक्यात, ज्या दिवशी लाकडाचे पैसे मोजावे लागले तो दिवस एप्रिल किंवा मे २०२१ चा, आणि सहाय्याचे निकष ठरले ऑक्टोबरमध्ये. म्हणून या रकमेला अंत्यविधीचे सहाय्य म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच. वस्तुतः अनेक घरांत तिचा उपयोग उसनवारी फेडण्यासाठी झाला असेल. तोही उपयोग लहान नव्हे.

कागद आणि कारण

सहाय्य मंजूर होण्यातील मुख्य अडसर एका रकान्याचा होता : मृत्यूचे कारण. कित्येक प्रमाणपत्रांवर न्यूमोनिया, श्वसनाचा विकार, हृदयक्रिया बंद पडणे अशा नोंदी होत्या. ३ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालय व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. चाचणीत संसर्ग आढळल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, करोनाचा मानला जाईल असे त्यांत स्पष्ट झाले. तीस दिवसांच्या आत झालेल्या आत्महत्यांचाही पुढे समावेश करण्यात आला. प्रमाणपत्रावरील कारण मान्य नसल्यास जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येई. कागदपत्रे पूर्ण असल्यास तीस दिवसांत रक्कम देणे अपेक्षित होते.

या सवलतीचा परिणाम आकड्यांत दिसून आला. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार गुजरातमध्ये अधिकृत करोना मृत्यू १० हजार ९४, आणि सहाय्यासाठी आलेले अर्ज ८९ हजारांहून अधिक. महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू १ लाख ४१ हजार ७३७, तर अर्ज सुमारे २ लाख १३ हजार. या तफावतीवर बरीच चर्चा झाली. काही अर्ज बनावट असल्याची शंका आल्याने न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्र, केरळ, गुजरात व आंध्र प्रदेश या राज्यांतील पाच टक्के दाव्यांची पडताळणी करण्यास केंद्रास अनुमती दिली. त्याच आदेशात मुदतही घालण्यात आली : २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी साठ दिवस, त्यानंतरच्यांसाठी नव्वद दिवस. तफावतीचा अर्थ केवळ लबाडी असा लावणे मात्र अन्यायाचे होईल. व्याख्या रुंदावली की दारात उभी असलेली माणसे आत येतात, हेही त्यामागचे एक कारण होते.

परदेशस्थ मराठी कुटुंबांचा अनुभव याहून निराळा होता. अमेरिकेत आपत्कालीन व्यवस्थापनाच्या संघीय यंत्रणेने १२ एप्रिल २०२१ पासून अंत्यविधीच्या खर्चाचीच भरपाई देण्यास प्रारंभ केला. एका मृत्यूमागे कमाल ९ हजार डॉलर. २० जानेवारी २०२० नंतरचे मृत्यू त्यात धरले गेले. येथे रक्कम सरसकट नव्हती; अंत्यविधीची देयके व पावत्या जोडून झालेला खर्च सिद्ध करावा लागे. अटी पाहण्याजोग्या होत्या. मृत व्यक्ती अमेरिकन नागरिक असण्याची आवश्यकता नव्हती, मृत्यू मात्र अमेरिकेत झालेला असावा. अर्ज करणारा नागरिक किंवा कायम निवासाचा हक्क असलेला हवा. म्हणजे मुलाकडे पाहुणी म्हणून गेलेली आई तेथे दगावली, तर ग्रीन कार्ड असलेल्या मुलास भरपाई मिळू शके. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मुलास ती मिळत नसे. या योजनेतील अर्जांची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली.

पासबुकातील नोंद

शासकीय सहाय्य अखेरीस बँकेच्या खिडकीशीच येऊन थांबते. ही रक्कम मृत व्यक्तीच्या नव्हे, वारसाच्या खात्यात जमा होते. ज्या घरात सर्व व्यवहार कर्त्या पुरुषाच्या एकट्याच्या खात्यातून होत, तेथे पत्नीच्या नावे चालू स्थितीतील खाते नसणे, असल्यास ते आधारशी जोडलेले नसणे, किंवा दोन्ही कागदांवरील नाव वेगवेगळे असणे, एवढ्या कारणानेही पैसे अडकतात. माहेरचे नाव आधारवर आणि सासरचे खात्यावर, हा प्रकार शाखेतील प्रत्येक कर्मचाऱ्याच्या परिचयाचा आहे.

आणखी एक बाब. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता, त्या काळी ३३० रुपये व १ जून २०२२ पासून ४३६ रुपये, खात्यातून आपोआप वळता होतो. विमा दोन लाखांचा. मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असला तरी हे संरक्षण लागू होते. परंतु घरातल्यांना त्याचा पत्ताच नसे. विमापत्र कपाटात नाही, एजंट नाही. पुरावा म्हणजे पासबुकातील मे महिन्याची ती एक ओळ. वारस खाते बंद करण्यासाठी शाखेत येतो तेव्हा मागील नोंदींवरून नजर फिरविणे हे कर्मचाऱ्यास दोन मिनिटांचे काम आहे. शासनाच्या सर्व सहाय्यांच्या बेरजेहून मोठी रक्कम त्या ओळीत असू शकते. हप्त्याच्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक नसेल, तर तो वळता होत नाही आणि संरक्षणही राहत नाही. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, आणि २०२१ सालचा मे महिना हाच दुसऱ्या लाटेचा होता.

नामनिर्देशनाचा प्रश्नही याच खिडकीवर येतो. नॉमिनी नोंदविलेला असल्यास मृताच्या ठेवीची रक्कम वारसा-दाखल्याची वाट न पाहता नॉमिनीस देता येते, आणि तेराव्याच्या आधी हाती येऊ शकणारा पैसा बहुधा हाच असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा आहे. तसे करताना प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो, किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो. नॉमिनी हा रकमेचा मालक नसून कायदेशीर वारसांच्या वतीने ती स्वीकारणारा विश्वस्त असतो, एवढे मात्र अर्ज भरतानाच घरातल्यांना समजावून सांगावे लागते.