पाय जड पडतात, मूळ पाठीत असतं

कापूस वेचणीचे दिवस होते. भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही बोंडअळीचं बोलत उभे होतो. तेवढ्यात त्याची कारभारीण ओटी भरून येताना दिसली. पाय ताठ टाकत, ओढत चालत होती. एका पायातली चप्पल सरीतच राहिली आणि तिला पत्ता नाही.

"वहिनी, चप्पल मागं राहिली," मी म्हणालो. ती थबकून पायाकडं बघू लागली.

नवरा म्हणाला, "साहेब, दीड वर्ष झालं बघा. मणक्यात गॅप सांगितलाय. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, मालिश झालं, उतारासुद्धा टाकला." कंबरेचा एमआरआयही काढलेला होता. कंबरेचाच.

मी शेतीचा पदवीधर, माणसांचा डॉक्टर नव्हे. पण मोसंबीची पानं पिवळी पडली की आम्ही पानावर थांबत नाही, बुंध्याशी उकरून बघतो. कंबर दुखत असती तर गोष्ट वेगळी. ही बाई सांगत होती की रात्री आडवं झालं की पाठीच्या मधोमध दुखतं, छातीभोवती कोणी दावं आवळल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, मेंदू-मणक्याच्या सर्जनला एकदा दाखवा.

छत्रपती संभाजीनगरला त्या डॉक्टरांनी यंत्राआधी हातानं तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जोरात उडाला. तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा वर गेला. धडधाकट मोठ्या माणसाचा तो खाली वळतो. मग टाचणी पायापासून वर वर टोचत आणली. छातीच्या खाली येईपर्यंत बोथट लागत होती, तिथं एकदम ती म्हणाली, "आता टोचलं." दोष कंबरेत नव्हे, त्या रेषेच्या आसपास किंवा थोडा वर, हे तिथंच कळलं. शिरेतून औषध देऊन पाठीचा एमआरआय काढला. खांद्याच्या फऱ्यांमध्ये बोराएवढी गाठ निघाली.

आपल्या मज्जारज्जूवर तीन आवरणं असतात. त्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननं १९२२ साली दिलं. मणक्यातली ही गाठ तशी दुर्मिळ. पुरुषांपेक्षा बायकांत पुष्कळ जास्त, बहुधा चाळिशीनंतर, आणि बहुतेक वेळा पाठीच्या मधल्या भागात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. पण मणक्याच्या पोकळीत जागा ती किती! ठिबकची नळी दगडाखाली दबली की पुढची झाडं सुकतात, पुढच्या झाडांना खत घालून काय उपयोग? साध्या एक्स-रेत ही गाठ सहसा दिसत नाही, आणि कंबरेचाच एमआरआय काढला तर पाठीतली गाठ सुटते.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्याआधी, १८८७ च्या जूनमध्ये, लंडनला गॉवर्स या वैद्यानं केवळ अंग तपासून मज्जारज्जूवरच्या गाठीची जागा सांगितली आणि हॉर्सली या सर्जननं ती काढली. पहिल्यांदा मणका उघडला तेव्हा काहीच सापडलं नाही. आणखी वर गेल्यावर गाठ मिळाली. ती मेनिंजिओमाच होती असं म्हणता येत नाही, पण पांगळा झालेला तो रोगी पुन्हा चालू लागला.

घरी मात्र सासूबाई अडून बसल्या. "मणक्याला हात लावला की माणूस कायमचा खाटेवर." ही भीती गावोगाव आहे, आणि अगदी खोटी म्हणता येत नाही; धोका असतोच. पण ही गाठ औषधानं विरघळत नाही. तशीच ठेवली तर पाय जातात, मग लघवी-संडासवरचा ताबा जातो.

ऑपरेशनमध्ये रोग्याला पालथं निजवतात. मणक्याची मागची कमान काढतात, आवरण उघडतात, आणि दुर्बिणीखाली गाठ आतून पोखरून लहान करत मज्जारज्जूपासून सोडवतात. रज्जू ओढायचा नाही, सारं कौशल्य त्यात. जिथं गाठ चिकटलेली असते ती जागा काढतात किंवा जाळतात, नाहीतर ती पुन्हा उगवू शकते. आवरण घट्ट शिवावं लागतं, कारण पाणी झिरपलं तर जखम चिघळते. गाठ तपासायला पाठवतात, आणि पुढं काही वर्षं मधूनमधून एमआरआय करावा लागतो.

वहिनी काही आठवड्यांत वॉकर धरून ओट्यावर आल्या. आता शेतापर्यंत चालत येतात, वेचणी मात्र करत नाहीत. तळव्याखाली अजून कापूस पसरल्यासारखं वाटतं म्हणतात. आधी वर्षभर आलो असतो तर, असं नवरा बोलून जातो. मी गप्प बसतो.

खर्चाचं विचाराल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि आपल्या मराठवाड्यातले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही त्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. हे ऑपरेशन तिथं योजनेतून होतं का, ते भरती होण्याआधीच त्याला विचारा. आणि डॉक्टरांना सांगताना नुसतं 'कंबर दुखते' म्हणू नका. चप्पल निसटलेली कळत नाही, हे आधी सांगा.