कोळशाचा आणि गाळाचा संसार



महाड-पोलादपूरकडे नुसते 'कोळसा' म्हटले की आठवतो तो लाकडाचा कोळसा, कातकरी बांधवांनी भट्टी लावून पाडलेला. आज बोलायचे आहे ते दगडी कोळशाबद्दल आणि दुसऱ्या एका काळ्या पदार्थाबद्दल. मुंबई-गोवा महामार्गावर तो वर्षानुवर्षे ओतला गेला : डांबर.

मुंबईच्या माहुलमधील शुद्धीकरण कारखान्यांत खनिज तेल तापवले, की गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगवेगळे काढता येते. तळाशी जाड, चिकट गाळ उरतो. त्यातूनच डांबर होते. हा गाळ आणि दगडी कोळसा एकत्र करून त्यांचे डिझेल करता येईल का? येते.

मी बी.ए. झालेला कवी माणूस. पण यातले गणित मलाही कळते. सारा हिशेब हायड्रोजनचा. डिझेलमध्ये कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे जवळजवळ दोन अणू असतात. गाळात साधारण दीड, तर दगडी कोळशात एकाहूनही कमी. म्हणजे कोळशाला पातळ करायचे, तर त्याला हायड्रोजन पाजला पाहिजे.

फ्रीडरिक बेर्गियुस या जर्मन शास्त्रज्ञाने १९१३ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. १९३१ साली त्यांना कार्ल बॉश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या विमानांना इंधन पुरले, ते मोठ्या प्रमाणात याच मार्गाने.

नुसता कोळसा वापरला, तर त्याची भुकटी कालवायला तयार झालेले काही तेल पुन्हा आत फिरवावे लागते. गाळ घेतला, की कालवण्याचे काम तो करतो आणि स्वतःही हलका होतो. सुमारे ४०० ते ४५० अंश सेल्सियस उष्णता, हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब, हायड्रोजन आणि उत्प्रेरक एवढा सरंजाम लागतो. गाळातले निकेल, व्हॅनेडियम हे त्रासदायक धातू बरेचसे कोळशाच्या राखेला चिकटून बाहेर पडतात. एकाचा दोष दुसऱ्याने झाकावा, असा हा संसार!

भारतात ऑइल इंडियाने आसामात दुलियाजानला याचा छोटा प्रायोगिक प्रकल्प उभारला. आसामच्या कोळशात राख कमी असते, गंधक मात्र जास्त. आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशात राखच पुष्कळ. ती विनाकारण तापवावी आणि वाहावी लागते.

मग हे करावे का? आपण चार-पंचमांशाहून अधिक खनिज तेल परदेशातून आणतो, म्हणून मोह होतो. पण लागणारा हायड्रोजन बहुधा कोळशातून किंवा नैसर्गिक वायूतून काढतात आणि तिथेच ढीगभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढे डिझेल जळते, तेव्हा आणखी. नेहमीच्या डिझेलपेक्षा हा बोजा जड.

महाडकरांना हा हिशेब परका नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी शहरात शिरले आणि तळिये गावावर दरड कोसळली. त्याचे खापर एका इंधनावर फोडता येणार नाही. पण हवा एका अंशाने तापली, की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि मुसळधार पाऊस अधिक मुसळधार होतो.

उद्या सूर्याच्या विजेवर हायड्रोजन स्वस्त झाला, तर तो कोळशाला पाजण्याऐवजी थेट खत आणि पोलाद कारखान्यांना द्यावा. ही विद्या अडचणीच्या दिवसांसाठी प्रयोगशाळेत जिवंत ठेवावी. गाळाला मात्र रस्त्यावर काम आहे, आणि आमच्याकडच्या रस्त्यांना त्याची गरज अजून संपलेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)