तेलातलं इंजेक्शन

प्रोजेस्टेरॉनचं हे इंजेक्शन तेलात असतं, म्हणून सिस्टर घाई करत नाहीत. अँप्यूल तळहातात धरून जरा कोमट होऊ देतात, जाड सुईने औषध ओढून घेतात, सुई बदलतात. काल डावी बाजू झाली, आज उजवी. दट्ट्या हळूहळू दाबत राहायचा. तेल आत जायला वेळ घेतं. तळेघरच्या या ताईंचे गर्भ गोठवून ठेवले होते. पुण्यात एक गर्भ गर्भाशयात सोडला, तपासणी पॉझिटिव्ह आली. आता रोजच्या इंजेक्शनासाठी डिंभ्याची वळणं उतरून पुणं गाठणं कसं जमणार? ते गावातच घेतात.

‘‘सिस्टर, रक्तातल्या किलर पेशी तपासून घ्या म्हणालं कुणीतरी. त्या बाळाला मारत्यात का ओ?’’

ही भीती घेऊन अनेक जोडपी महागड्या तपासण्यांच्या मागे लागतात, म्हणून सविस्तर सांगायला हवं. गर्भाशयातल्या नॅचरल किलर पेशी रक्तातल्या पेशींहून वेगळ्या असतात. पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या प्रतिकार पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच. त्या गर्भावर तुटून पडत नाहीत. आईच्या नागमोडी धमन्यांभोवती जमून त्यांचं स्नायूंचं आवरण सैल करतात. मग वारेच्या पेशी आत शिरतात आणि धमन्या रुंदावतात. पाण्यासाठी पाट मोठा करावा, तसंच हे काम. प्रोजेस्टेरॉन ते थेट करवून घेत नाही. ते आधी अस्तराच्या पेशी बदलतं, त्या इंटरल्यूकिन-१५ सोडतात आणि त्यावर किलर पेशी वाढतात.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट-ट्यूब बेबी हर्षा जन्मली. तेव्हापासून आपल्याकडे बोललं गेलं ते बीजाबद्दल आणि गर्भाबद्दल; अस्तराबद्दल फारच थोडं. जास्त बीजं मिळावीत म्हणून दिलेल्या हार्मोन्समुळे इस्ट्रोजेन खूप चढतं आणि अस्तराची वेळ चुकते. उंदरांवरच्या प्रयोगात अशा गर्भाशयात वाढलेली पिल्लं कमी वजनाची निघाली. म्हणून पुष्कळदा गर्भ गोठवतात आणि नंतरच्या एखाद्या पाळीत सोडतात. पण ती पाळी संपूर्ण औषधांवर चालवली तर बीज फुटत नाही, पीतपिंड तयार होत नाही. पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉनबरोबर रिलॅक्सिनसारखी, रक्तवाहिन्यांवर काम करणारी द्रव्यंही येतात. तेलातून मिळतं ते फक्त प्रोजेस्टेरॉन. अशा गर्भारपणात रक्तदाबाचा त्रास, प्रीएक्लॅम्प्सिया, जास्त आढळतो.

रक्तातल्या किलर पेशींच्या आकड्यावरून गर्भाशयातलं काही कळत नाही, आणि तो आकडा बघून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. त्यापेक्षा रक्तदाबाचा आकडा मोलाचा.

सिस्टरांनी ताईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा कार्डावर लिहिला. ‘‘ती तपासणी राहू द्या. दर खेपेला बीपी मोजून घ्यायचं. पाचव्या महिन्यानंतर डोकं ठणकलं, तोंडावर सूज आली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर रात्र असली तरी निघायचं. आणि डॉक्टर सांगेपर्यंत इंजेक्शन आपल्या मनानं बंद करायचं नाही, ताई.’’