रक्ताभिसरणाची तपासणी : मनगटापासून पावलापर्यंत

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ या एकाच नावाने ओळखतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातूनही रुग्ण येथे येतात. अशा कोणत्याही मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा विभागात पायाची न भरणारी जखम घेऊन आलेले मधुमेही हमखास आढळतात. घरच्यांच्या लेखी जखम महिना-दीड महिन्याची असते. पायाला रक्त पुरविणारी वाहिनी मात्र कित्येक वर्षांपासून अरुंद होत आलेली असते. या काळात रुग्ण डॉक्टरांकडे गेलेलाच नसतो असे नाही. साखर तपासलेली असते, रक्तदाब मोजलेला असतो, गोळ्याही बदललेल्या असतात. पावलावरची नाडी तेवढी पाहायची राहून गेलेली असते, कारण त्यासाठी बूट-मोजे काढावे लागतात आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढी उसंत कोणालाच नसते.

जायकवाडीच्या कालव्यावर शेती असलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कालव्याच्या मुखाशी पाणी भरून वाहते म्हणून ते ‘टेल’च्या शिवारात पोहोचतेच असे नाही, हे तो अनुभवाने जाणतो. शरीरातही हृदय उत्तम चालत असताना पायाच्या बोटांना रक्त अपुरे पडू शकते. म्हणूनच रक्ताभिसरणाची तपासणी म्हणजे केवळ मनगट धरून ठोके मोजणे नव्हे. मनगट, कोपर, मान, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, घोटा आणि पावलाचा वरचा भाग अशा ठरलेल्या ठिकाणी, दोन्ही अंगांना, बोटांनी चाचपून धमन्यांचा मागोवा घेणे, हे या तपासणीचे खरे स्वरूप होय. शालेय पुस्तकांतून ‘रोहिणी’ म्हणून ओळख झालेल्या रक्तवाहिन्या त्या याच. दवाखान्यात मात्र डॉक्टर ‘आर्टरी’ म्हणतात आणि रुग्ण सगळ्यांनाच सरसकट ‘शीर’ म्हणतो. त्यामुळे ‘शीर दबली आहे’ या तक्रारीतून नेमका काय अर्थ काढावा, हा तपासणीपूर्वीचाच एक प्रश्न असतो.

मनगटावरील नाडीतून चार-पाच गोष्टी एकाच वेळी कळतात. पहिली गती. प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात. नियमित धावणाऱ्या व्यक्तीत ते ६० पेक्षा कमी असले तरी चिंतेचे कारण नसते. दुसरी लय. लय नियमित असेल तर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे चालते, पण ती चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजणे आवश्यक ठरते. काही रुग्णांत ठोक्यांमधील अंतराला कसलाच नियम उरत नाही. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि नाडी अशी पूर्णपणे विस्कळीत लागते. अशा वेळी एक जण स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके मोजतो आणि दुसरा मनगटावरचे. दोन्ही आकडे जुळत नाहीत, कारण काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. आपल्याकडे लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या तरुण स्त्रियांमध्येही हा विकार आढळतो. म्हणजे तो केवळ वृद्धांचा आजार नव्हे.

नाडीचा जोर आणि चाल हा पुढचा भाग होय. महाधमनीची झडप गळत असेल तर नाडी जोरात उसळून लगेच कोसळते. तीच झडप अरुंद झाली असेल तर लाट हळूहळू, अनिच्छेने वर आल्यासारखी लागते. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. विद्यार्थ्याने शंभर निरोगी मनगटे धरल्यावरच एकशे एकावे वेगळे वाटू लागते.

दोन्ही मनगटे एकाच वेळी धरण्याचा प्रघात अनेक ठिकाणी मागे पडला आहे, आणि हे दुर्दैव म्हटले पाहिजे. एका हाताची नाडी भरदार आणि दुसऱ्याची क्षीण असेल तर त्या बाजूच्या धमनीत अडथळा असण्याची शक्यता असते. छातीत अचानक फाडल्यासारखी वेदना झालेल्या रुग्णात हाच फरक महाधमनीचे आतील अस्तर फाटल्याची सूचना देऊ शकतो. जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ साली वर्णन केलेल्या विकारात महाधमनी आणि तिच्या शाखांना सूज येऊन मनगटावरची नाडी नाहीशी होते. भारतासह आशियातील तरुण स्त्रियांत तो पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत अधिक दिसतो. अशा रुग्णाच्या बाधित हातावर रक्तदाब मोजला तर तो फसवा, कमी भरतो. याउलट विशी-पंचविशीतील व्यक्तीचा हाताचा रक्तदाब वाढलेला असेल, तर मनगट आणि जांघ येथील नाडी एकत्र पाहावी. जांघेतील ठोका उशिरा आणि दुबळा लागला, तर महाधमनी जन्मतःच एका ठिकाणी आवळलेली असू शकते. हा दोष शस्त्रक्रियेने किंवा फुग्याच्या साहाय्याने दूर करता येतो. तो लक्षात न आल्यास मात्र रुग्ण वर्षानुवर्षे गोळ्याच घेत राहतो.

आता पायांकडे. पायाचा अंगठा वर उचलला की पावलावर एक दोरीसारखी कंडरा उठून दिसते. तिच्या बाहेरच्या बाजूला पावलाची नाडी लागते. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे असते. बोटे हलकी ठेवावी लागतात; दाबून धरल्यास नाडी बंद होते किंवा तपासणाऱ्याला स्वतःच्याच बोटातील ठोके जाणवू लागतात. काही निरोगी व्यक्तींत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून एकाच नाडीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. घोट्यामागचीही नाडी लागत नसेल, पाऊल थंड असेल, बोटांवरचे केस गळून कातडी चकाकत असेल, नखे जाड झाली असतील, तर चित्र स्पष्ट होऊ लागते. पाश्चात्त्य पुस्तकांत फिकटपणा आणि लालीचे जे वर्णन असते ते सावळ्या कातडीवर तसेच दिसत नाही. आपल्याकडे तळवा आणि नखांचे तळ पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. रुग्णाला उताणे झोपवून दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून धरले असता तळवा पांढुरका पडला आणि नंतर पाय पलंगाखाली सोडल्यावर तो गडद तांबूस झाला, तर रक्तपुरवठा अपुरा असल्याचे ते लक्षण होय. ही चाचणी लिओ बर्गर यांच्या नावाने ओळखली जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या हातापायांतील लहान धमन्या बंद करणाऱ्या आजारालाही त्यांचेच नाव मिळाले आहे. त्या आजारावर तंबाखू कायमची सोडण्याइतका प्रभावी उपाय दुसरा नाही, आणि नेमका तोच सर्वांत अवघड जातो.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटे थांबले की तो ओसरतो आणि पुन्हा तितकेच चालल्यावर परत येतो. ही कहाणी रुग्णाने सांगितली तर निम्मे निदान तेथेच झालेले असते. घरात मात्र तिला ‘वयाचा वात’ म्हटले जाते. मधुमेहींची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या पायातील संवेदना आधीच बोथट झालेल्या असल्याने दुखणेच जाणवत नाही. चप्पल निसटल्याचे कळत नाही, खिळा रुतल्याचेही कळत नाही. त्यामुळे मधुमेहींनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तरी पावलांची नाडी आणि संवेदना तपासून घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. शंका आल्यास हातात मावणाऱ्या डॉप्लर यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा वरचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढले जाते. ते ०.९ किंवा त्याहून कमी भरल्यास पायाच्या धमनीत अडथळा आहे असे मानतात. मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक होऊन हा आकडा १.४ च्याही वर जाऊ शकतो. अशा वेळी तो चांगला समजून निश्चिंत होणे चुकीचे ठरते.

बोटाच्या टोकाला होणारी तपासणी याहूनही सोपी आहे. नख किंवा बोटाचे टोक पाच सेकंद दाबून सोडले की पांढरे पडलेले स्थान दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. हिवाळ्यातील गार हातांत थोडा उशीर होतो, तो सोडून द्यावा. पण डेंग्यूच्या रुग्णात या दोन सेकंदांना फार मोल आहे. संभाजीनगरात वर्षानुवर्षे नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. त्यामुळे टाक्या, पिंपे भरून ठेवण्याची सवय घरोघरी रुजली आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या एडिस डासालाही ती मानवली. डेंग्यू झाला की नातेवाइकांचे सारे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळते. वास्तविक अनेक रुग्णांत धोका निर्माण होतो तो रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्याने, आणि तोही ताप उतरू लागल्यावर, म्हणजे घरच्यांना हायसे वाटू लागते त्याच सुमारास. हातपाय गार पडणे, दाबलेले बोट उशिरा गुलाबी होणे, नाडी जलद आणि बारीक लागणे ही त्याची पूर्वचिन्हे होत. रक्तदाबाचा वरचा आकडा या टप्प्यावर चांगला असू शकतो. खालचा आकडा मात्र वर सरकतो. १०० आणि ८४ अशी नोंद वरवर पाहता समाधानकारक वाटते, पण दोहोंतील अंतर २० किंवा त्याहून कमी झाले असेल तर ती आणीबाणी समजली जाते. प्लेटलेटचा अहवाल येईपर्यंत काही तास जातात. मनगट आणि नख तपासायला एक मिनिट पुरते.

रक्तदाब मोजण्याची आजची पद्धत इटलीचे रिव्हा-रोच्ची (१८९६) आणि रशियाचे कोरोत्कोव्ह (१९०५) यांच्या कामावर उभी आहे. पद्धत जुनी असली तरी ती बिनचूक पाळली जातेच असे नाही. पाच मिनिटे शांत बसणे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, पट्टा दंडाच्या मापाचा आणि मोजताना बोलणे बंद, एवढ्या अटी आहेत. जिना चढून आलेल्या व्यक्तीच्या सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून मिळालेल्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करणे योग्य नव्हे. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांचा रक्तदाब घ्यावा आणि पुढे ज्या हाताचा जास्त भरेल तोच धरावा. उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा चाळिशीपार गेला की उठताना अंधारी येणाऱ्या वृद्धांची संख्या वाढते. त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांत मोजला, आणि वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे किंवा रक्तदाबाच्या गोळीचा डोस उन्हाळ्यापुरता जड होतो आहे, हे ध्यानात येते. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नये.

अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरांची तपासणी बहुतांशी डोळ्यांनीच होते. रुग्णाला ४५ अंशांत टेकवून मानेच्या उजव्या बाजूची शीर किती वर फुगलेली दिसते, यावरून हृदयाच्या उजव्या भागावरील ताण समजतो. नडगीवर बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर सूज आहे. ती दोन्ही पायांना असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचा विचार करावा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर खोल शिरेत गुठळी असल्याची शंका घेऊन सोनोग्राफी करणे हाच मार्ग असतो. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी युक्ती विश्वासार्ह ठरलेली नाही.

तपासणाऱ्याच्या बोटांना मर्यादा आहेतच. आयुर्वेदातील नाडीपरीक्षेचा उल्लेख शार्ङ्गधर संहितेत येतो. वैद्य तीन बोटांनी जे पाहतो त्याची मांडणी वात-पित्त-कफाच्या परिभाषेत असते. वर वर्णिलेल्या तपासणीचा हेतू त्याहून मर्यादित, म्हणजे अमुक ठिकाणी रक्त पोहोचते की नाही एवढाच आहे. अडथळा किती लांबीचा आणि नेमका कोठे, हे कलर डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफीच सांगू शकते. मात्र या चाचण्यांसाठी कोणाला आणि किती तातडीने पाठवायचे, हे बोटेच ठरवतात.

तातडीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो पाय अचानक थंड पडल्यावर. हृदयात तयार झालेली गुठळी वाहत येऊन जांघेच्या धमनीत अडकली की तीव्र वेदना सुरू होतात, पाय फिकट आणि गार पडतो, नाडी जाते, मग बधिरपणा येतो आणि अखेरीस बोटे हलेनाशी होतात. रक्तपुरवठा पूर्णपणे थांबलेले स्नायू साधारणतः सहा तासांच्या आत तो पूर्ववत झाला तरच वाचण्याची शक्यता चांगली असते. सिल्लोड, कन्नड किंवा वैजापूरकडच्या गावातील अशा रुग्णाची पावलावरची नाडी स्थानिक डॉक्टरांनी त्याच वेळी पाहिली तर त्याला रातोरात शहरात हलवता येते. पायाला लचक भरली असे समजून तेल चोळत रात्र काढली, तर सकाळची पहिली एस. टी. निघण्याआधीच ते सहा तास संपलेले असतात.