एक कारागीर, एक एंजिन

बाहेरून साधी, पण आंतून विलक्षण वेगवान अशी मोटार घडविणारे कारखाने थोडेच. जर्मनींत १९६७ सालीं ऑफ्रेख्त व मेल्शर या दोन यंत्रज्ञांनीं 'एएमजी' हा लहानसा कारखाना काढला. १९७१ सालीं स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्यांनीं सुधारलेली जड, ऐसपैस मर्सिडीज दुसरी आली. रहस्य एंजिनांत होतें.

आजही आफाल्टरबाख येथें मोठें एंजिन एकच कारागीर आरंभापासून अखेरपर्यंत जुळवितो व त्यावर आपल्या सहीची पट्टी लावतो. त्यामुळें श्रेय आणि जबाबदारी दोन्ही एकाच माणसाचीं होतात.

२०२० सालीं पुण्याजवळ चाकण येथें एएमजीच्या एका गाडीची जुळणी सुरू झाली. परंतु जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. त्या पट्टीवर पुण्याच्या कारागिराची सही येईल, तेव्हांच ही विद्या येथें रुजली असें म्हणतां येईल.