पेपर फुटलाय... तोही कायदेशीर!

परीक्षेचा पेपर फुटला की बोंबाबोंब. संशोधनाचा पेपर खुला झाला की पार्टी! ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणजे वाचकाला झीरो बिल. मग खर्च करतं कोण? खरी धमाल तिथेच आहे!

लव्ह लेटर
माहीत आहे का? ‘ज्ञान सर्वांसाठी खुलं’ म्हणणारा बुडापेस्टचा जाहीरनामा आला १४ फेब्रुवारी २००२ ला. ऐन व्हॅलेंटाइन डेला!

जर्नल? नो थँक्स!
प्वांकारेचा गणिती तिढा ग्रिगोरी पेरेलमन यांनी सोडवला आणि २००२-०३ मध्ये सिद्धता थेट ‘अर्काइव्ह’ या मोफत साइटवर टाकली. जर्नलला पाठवलीच नाही. पुढे फील्ड्स मेडल नाकारलं, १० लाख डॉलरचं बक्षीसही!

रेट ऐका!
पेपर खुला ठेवायचा? ‘नेचर’नं २०२१ पासून लेखकासाठी रेट लावला ९,५०० युरो. ‘पीअरजे’ जर्नलची २०१२ ची ऑफर? एकदाच ९९ डॉलर भरा, वर्षाला एक पेपर, आयुष्यभर!

कणाकणाचा हिशेब
कणभौतिकीत २०१४ पासून पेपर खुले ठेवणारी ‘स्कोप-थ्री’ योजना चालते. सूत्रधार ‘सर्न’ प्रयोगशाळा. ज्या देशाचे पेपर जास्त, त्याचा खर्चातला वाटा जास्त. लेखकाचा खिसा सेफ!

वर्गणी द्या, दर्शन सर्वांना
‘अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज’ या प्रकाशकाची आयडिया सार्वजनिक गणपतीची: लायब्ररींनी नेहमीची वर्गणी भरली की त्या वर्षाचा अंक अख्ख्या जगाला खुला. पुरेशी जमली नाही, तर कुलूप!

भाषातज्ज्ञांचं बंड
२०१५ मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाशास्त्राच्या जर्नलच्या संपूर्ण संपादक मंडळानं राजीनामे दिले आणि ‘ग्लोसा’ हे खुलं जर्नल काढलं. बोलीचे अभ्यासक, बोलले ते करून दाखवलं!

गोडाऊनच नाही!
माहीत आहे का? गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांचं ‘डिस्क्रीट अ‍ॅनालिसिस’ हे जर्नल स्वतःकडे पेपर ठेवतच नाही. तज्ज्ञ तपासतात, पेपर राहतो ‘अर्काइव्ह’वर. वाचकाला फी नाही, लेखकालाही नाही. याला म्हणतात डायमंड मॉडेल. हिरा, तोही फुकट!

आपली मुंबई
परळच्या केईएमचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघतंय १९५५ पासून. मुंबईच्याच ‘मेडनो’ या प्रकाशकानं अशा जर्नलांसाठी भारी फॉर्म्युला काढला: नेटवर मोफत, वर्गणी फक्त छापील अंकाला, लेखकाला फी माफ!

बरंचसं संशोधन करदात्याच्या पैशावर होतं. मग त्याच करदात्याला वाचायला पुन्हा पैसे का? खुलं ज्ञान हा हक्कच आहे!

आता तुमची पाळी. ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ हे एक्स्टेंशन टाका. पेपरची कायदेशीर मोफत प्रत असेल, तर स्क्रीनच्या कडेला हिरवं, उघडं कुलूप दिसेल. करा क्लिक!