लाकडी खांब जमिनीलगतच का कुजतो?

काळ्या जमिनीत रोवलेला बाभळीचा खांब प्रथम जमिनीलगत कुजतो, हे सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. लाकूड खाणाऱ्या बुरशीस ओल व हवा ही दोन्ही लागतात. खोल मातीत हवा अपुरी, वर ओल अपुरी. जमिनीलगत मात्र दोहोंचा योग जुळतो.

तांबे बुरशीच्या पेशींत शिरून त्यांचे व्यापार बंद पाडते. बोर्डो मिश्रणाने द्राक्षावरील केवडा आवरतो, तो याच गुणामुळे. परंतु नुसते मोरचूद पावसाने धुऊन जाते व लोखंडी खिळ्यांस खाते. यास्तव डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व सोमल यांचे मिश्रण सिद्ध केले. क्रोमियम तांब्यास लाकडात जखडून ठेवते; सोमल वाळवीस मारतो.

हे औषध सालीखालच्या कोवळ्या लाकडात मुरते, गाभ्यात फारसे शिरत नाही. म्हणून असा खांब घेताना गोल घ्यावा व खाचा, भोके औषध देण्यापूर्वीच पाडून घ्यावीत. मागाहून छेद दिल्यास आतील असंरक्षित लाकूड उघडे पडते. मोडका तुकडा चुलीत घालू नये वा गव्हाणीस लावू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. त्याचा धूर व राख दोन्ही विषारी होत.